चौकशीची खिडकी

आमच्याकडे खिंडीला जोत म्हणतात.
नोव्हेंबरात कधीतरी ती विझायची
आणि मी फळ्यावर लिहायचे: बंद.

एकोणीस हिवाळे लिहिलं.
खडू दमट व्हायचा, म्हणून तो
लोकरी मोज्यात, पोटरीला चिकटवून ठेवायची.
बसस्टँडवर बस नसायची.
एक कुत्रं असायचं, शेगडीच्या राखेत झोपलेलं,
आणि खिडकीबाहेर माणसं:
कुणाला बटाट्याचं बियाणं आणायचंय,
कुणाची कोर्टात तारीख आहे,
एका म्हातारीला नुसतंच विचारायचंय
की पलीकडे आहे ना अजून सगळं.

आहे, मी म्हणायचे.
कशावरून, ते तिनं कधी विचारलं नाही.

त्या वर्षी आंगरूप रोज यायचा.
त्याची देचेन शेवटच्या बसनं गेलेली,
पलीकडच्या दवाखान्यात,
सातवा महिना, पाय सुजून भोपळा.
बुटांच्या नाड्या त्यानंच सैल करून दिल्या होत्या
बसच्या पायरीवर, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना.

त्याला वाचता येत होतं.
तरी खिडकीशी वाकून विचारायचा: आज?
मी बोट दाखवायचे फळ्याकडे.
दोन अक्षरं आणि वर एक टिंब.
ते टिंब मी रोज गिरवायचे.
हातांना दुसरं काम नव्हतं.

जानेवारीत पोलीस चौकीच्या वायरलेसवर निरोप आला.
मुलगी झाली. आणि मग खरखर, आणि मग
दोघी ठीक.
की थोडी ठीक?
हवालदार म्हणाला दोघी. पोस्टमास्तर म्हणाले थोडी.
थोडी म्हणजे कोण, मी विचारलं,
आणि विचारायला नको होतं.

पुन्हा लाइन लागेपर्यंत बावीस दिवस
आंगरूप त्या एका शब्दात राहिला.
गाईंना चारा घातला, छतावरचा बर्फ लोटला,
माझ्या खिडकीशी येऊन फळा वाचला.
विचारणं मात्र बंद केलं.

जूनमध्ये पहिली बस आली,
टपावर कोबीची पोती, बाजूला ओकाऱ्यांचे ओघळ.
देचेन उतरली. कडेवरच्या पोरीनं
बापाकडे एकदा नीट पाहिलं
आणि असं भोकाड पसरलं
की अख्खा स्टँड हसला.
तोही हसला.
मग बसमागे जाऊन
टायरमध्ये रुतलेले खडे काढत बसला,
बराच वेळ.

आता बोगदा आहे.
आत शिरलं की अकरा मिनिटांत पलीकडे.
जॅकेट घातलेली मुलं मला विचारतात,
जुन्या रस्त्यानं नाही का जाता येणार?
वर खरी मजा असते म्हणे.
माझा भाऊ वर आहे, डाकेच्या पिशवीसकट,
हे मी त्यांना सांगत नाही.
उन्हाळ्यात या, म्हणते.

फळा कुणी काढून नेला नाही.
त्यावर मटारचा भाव लिहितात.

यांगछेन पलीकडे नर्सिंग शिकते.
शनिवारी येते, धुण्याची पिशवी घेऊन.
बाबा, बोगद्यात शिरतेय, म्हणते,
आणि रेंज जाते.
मग आंगरूप माझ्या खिडकीशी उभा राहतो.
चहा दिला तर हातात धरतो, पीत नाही.
टोपी काढतो, घालतो.

अरे, अकरा मिनिटांत काय होणार आहे,
मी परवा त्याला म्हटलं.

तो मटारच्या भावाकडे बघत होता.
तू लिहायचीस, छुकित, म्हणाला.
वाचायचो आम्ही.

चहावर साय धरली होती.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही.
मग त्याच्या खिशात फोन वाजला,
आणि घाईघाईत त्याला
खिसाच सापडेना.